भरती चार वाजून दहाला

कागदावर असं ठरलं :
जमीन एलिसेओची, घर माझं.
वकिलाला हसू आवरेना. तो शहरातला.
आमच्या चिलोए बेटावर
घर उचलून नेता येतं
हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

घर माझ्या बापाने बांधलेलं,
भिंतींवर माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी चिपा,
दक्षिणेकडच्या पावसाने करड्या पडलेल्या.
आज मिंगा. सगळ्या गावाची इर्जिक :
हात त्यांचे, जेवण माझं.

सहा जोड्या बैल. घराखाली ओंडके.
काचा काढून गाद्यांत गुंडाळल्या.
चूल काल रात्री विझवली.
सकाळी सवयीने हात घातला,
तर एकतीस वर्षांत पहिल्यांदा
राख गार लागली.

सांतियागोहून मुलीचा फोन :
आई, कसं वाटतंय?
म्हटलं, थांब नायादेत, दोर ओला आहे.
तिला वाटलं मी टाळतेय.
टाळत नव्हते.
दोर खरंच ओला होता.

बालदोमेरोचा एकच नियम :
पाय जिथे, डोकं तिथे.
मागच्या खेपेला एकाचं मन
जेवणाच्या खड्ड्याकडे गेलं, शिजत्या शिंपल्यांच्या वासामागे,
आणि अंगठा ओंडक्याखाली.

मग एलिसेओ आला.
बोलावलं नव्हतं, पण मिंगाला कोण बोलावतं?
स्वतःचे हातमोजे घेऊन आला
आणि दोरावर माझ्यामागे चौथा उभा राहिला.
कुणी काही बोललं नाही.
मी वळले नाही. खोकला ओळखीचा.

ओढा!
घर आधी कण्हलं.
मग एक वीत सरकलं,
मग जणू त्याचं त्यालाच नवल वाटून
थोडं जास्त.
जिथे ते होतं तिथे मातीचा फिकट चौकोन,
त्यात एक चमचा,
कोंब फुटलेले तीन बटाटे,
नायादेतची निळी गोटी, जिच्यासाठी तिने
एक अख्खा रविवार रडून काढला होता.
वाकावंसं वाटलं.
तेवढ्यात दोराला ताण आला.

मन वासरासारखं.
पुढे पळतं : पलीकडचं बेट, बहिणीचं शेत,
तिथल्या वाऱ्याकडे दार कुठल्या तोंडाने ठेवायचं?
मागे पळतं : आता त्याला संध्याकाळी कोण वाढेल?
आणि मला काय त्याचं?
मी त्याला कान धरून आणते
तळहातात रुतणाऱ्या काथ्याकडे,
पुढच्या बैलाच्या नाकातून निघणाऱ्या वाफेकडे.
ते पुन्हा सुटतं.
पुन्हा आणते.
दुपारभर हाच धंदा.

चार वाजून दहाला पाणी उंबऱ्याला लागलं.
पिंपं बांधलेली होती. तांबडी लाँच पुढे.
आणि कुणी टाळी वाजवायच्या आत
घर तरंगायला लागलं,
माळ्यावर हट्टाने बसून राहिलेल्या मांजरीसकट.

लाटेगणिक दार
उघडायचं, आपटायचं. उघडायचं, आपटायचं.
त्या कडीचं आमच्याकडे लग्नापासून
उद्या करू चाललेलं.
एलिसेओ कमरेएवढ्या पाण्यात शिरला,
पट्टा सोडून दार करकचून बांधलं,
आणि एका हाताने पँट सावरत
काठावर परत गेला.
लोक हसले. मीही हसले.
मग थोडा वेळ
पाण्याकडेच बघत राहिले.

मी मागच्या होडीत.
घर आता कुठल्याच गावात नाही.
बिनकाचेच्या खिडकीतून मांजर
माझ्याकडे असं बघते
जसं हे सगळं मी तिला विचारून करायला हवं होतं.

पुन्हा फोन. पोचलीस?
नाही गं.
मधे आहोत.
इथून दोन्ही काठ सारखेच लहान दिसतात
आणि होडीत पाणी चढतंय.
ठेव आता,
डबा शोधते.